रक्तक्षय शोधताना सापडलेला आजार

आज आम्ही पावणेदोनशे वर्षांपूर्वीची, लंडनमधली एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लांबची आहे, पण आम्ही तिच्या मागे लागलो ते आमच्याच बचत गटातल्या एका बाईमुळे.

तिला वर्षभर थकवा होता. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, गूळ-शेंगदाणे झाले. तरी वजन उतरत गेलं. बसल्या जागेवरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि ती काळवंडत चालली होती. आम्ही म्हणालो, कांद्याची काढणी चालू आहे, ऊन लागलं असेल. कैरीच्या फोडीला मिठाचा थर लावून खायची, तेव्हा आम्ही हसलोसुद्धा, दिवस गेलेत का म्हणून. शेवटी साधा ताप आला, दोन दिवस उलट्या झाल्या आणि ती बेशुद्ध पडली. जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळहाताच्या रेघा पाहिल्या, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. आजाराचं नाव निघालं अ‍ॅडिसन.

हे नाव एका माणसाचं आहे. थॉमस अ‍ॅडिसन लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. ते शोधत होते वेगळंच. काही रोग्यांचं रक्त कमी होत जाई, माणूस खंगून मरे, आणि कारण सापडत नसे. अशा रोग्यांची मेल्यानंतर तपासणी करताना त्यांना काहींच्या पोटात एक गोष्ट दिसली. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपी ठेवावी तशा दोन लहान ग्रंथी असतात. मराठीत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. त्या ग्रंथी खराब झालेल्या होत्या. 1849 साली त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेत सांगितलं, आणि 1855 साली अकरा रोग्यांची हकीगत छापली. अशक्तपणा, क्षीण नाडी, अन्नावरची वासना उडणं, आणि कातडीचा बदललेला रंग, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. तपासणीची यंत्रं नव्हती. डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं, एवढंच.

त्या ग्रंथी नेमकं काय करतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 1856 साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने जनावरांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या, तर ती जनावरं लवकरच मेली. म्हणजे एवढ्याशा गाठींवाचून जगता येत नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की त्यांतून निघणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, अंगातलं मीठ धरून ठेवतात, रक्तदाब आणि रक्तातली साखर सांभाळतात, आजारपणात शरीराला तग धरायला लावतात. ती कमी पडली की मीठ लघवीवाटे निघून जातं. आमच्या मैत्रिणीच्या कैरीवरच्या मिठाचं कारण हे होतं.

मग रंग का बदलतो? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे. ती अधिवृक्क ग्रंथींना कामाचा निरोप धाडते. उत्तर आलं नाही की ती निरोपावर निरोप धाडत राहते, आणि तोच निरोप कातडीलाही काळा रंग तयार करायला लावतो. त्यामुळे उन्हाशी संबंध नसलेल्या जागाही काळ्या पडतात. तळहाताच्या रेघा, बोटांचे सांधे, कोपरं, हिरड्या, गालाची आतली बाजू, नवीन जखमेचा वण. गालावरचं वांग वेगळं, ते चेहऱ्यावरच असतं. आपल्याकडे पुष्कळ जणींच्या हिरड्या जन्मापासूनच सावळ्या असतात, त्याची भीती नको. पाहायचं ते बदललं काय. लग्नाचा किंवा आधार कार्डाचा फोटो शेजारी धरला तरी कळतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता. 1947 साली लंडनमध्ये त्याचं निदान झालं. 1960च्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी तो नाकारला. त्यांच्या चेहऱ्याचा तांबूस रंग लोकांना उन्हात खेळणाऱ्या धडधाकट माणसाचा वाटे. मोठ्या पुरुषाचा रंग बदलला तर तंदुरुस्ती, आणि आपल्या बाईचा बदलला तर टोमणे! त्यांच्या एका बहिणीलाही हा आजार होता.

अ‍ॅडिसन यांच्या रोग्यांपैकी अनेकांच्या ग्रंथी क्षयाने, म्हणजे टीबीने, पोखरल्या होत्या. आपल्याकडे आजही ते एक कारण आहे, म्हणून डॉक्टर टीबीची तपासणी करतात. आमच्या मैत्रिणीला टीबी निघाला नाही. तिच्यात शरीराची राखण करणारी शक्तीच घरच्या माणसावर उलटली होती. 1957 साली ब्रिटनमधल्या संशोधकांना अशा रोग्यांच्या रक्तात आपल्याच ग्रंथीवर चालून जाणारी द्रव्यं सापडली. हा हल्ला एका ग्रंथीवर थांबेलच असं नाही. जर्मनीत श्मिट या डॉक्टरांनी 1926 साली दोन रोगी नोंदवले होते, ज्यांची अधिवृक्क आणि थायरॉईड दोन्ही बिघडली होती. कुणाला याच्या जोडीने साखरेचा आजारही होतो. आमच्या मैत्रिणीचाही थायरॉईड कमी निघाला. तिला आधी अधिवृक्काचं औषध सुरू केलं, थायरॉईडची गोळी मागून. हा क्रम उलटा झाला तर जीव धोक्यात येतो.

1930च्या दशकात मीठपाण्याने काही रोगी सावरू लागले. खरा आधार मिळाला तो कॉर्टिसोनमुळे. त्या कामासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आता हायड्रोकॉर्टिसोनसारख्या गोळ्या मिळतात, पण त्या जन्मभर आणि रोज घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नाहीत. तापात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवायच्या. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर लगेच दवाखाना, इंजेक्शनसाठी. अळणी उपासही नको. सांधेदुखीसाठी बाजारातल्या बिननावाच्या पुड्या खाणाऱ्यांनीही हे ऐकावं. त्यांत स्टिरॉइड असू शकतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेल्यावर एकदम बंद केलं, तर रंग न बदलताही अशीच अवस्था होते.

हा आजार विरळा आहे. दर थकलेल्या बाईला तो नसतो, आणि रक्तक्षय आपल्याकडे खरोखर फार आहे. पण लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही थकवा हटत नसेल, वजन उतरत असेल, उभं राहताच भोवळ येत असेल, मिठाची हाव सुटली असेल आणि रंग बदलत असेल, तर आशाताईंना हे सगळं एकत्र सांगा. एकेक सुटं सांगितलं की एकेक सुटी गोळी मिळते. दवाखान्यात बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. सोडियम, पोटॅशियम आणि सकाळचं कॉर्टिसोल या तपासण्या डॉक्टरांना विचारा.

आमची मैत्रीण आता बरी आहे. या महिन्यात गटाचा हिशेब तिनेच लिहिला. तिच्या पिशवीत एक कागद असतो, त्यावर आजाराचं नाव आणि इंजेक्शनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. पुढच्या भागात थायरॉईडबद्दल बोलू.