पाच कलमांचा अर्ज

इ. स. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईस परळ भागात गिरणीकामगारांच्या दोन सभा भरल्या. सभा भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते. ‘दीनबंधु’ पत्र चालविणारे, आणि पूर्वी गिरणीच्या कोठारावर नोकरी केलेले. त्या सभांतून एक अर्ज निघाला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या, आणि तो सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. अर्जात कलमे अवघी पाच होती. आजच्या व्याख्यानास आम्ही तीच निवडली आहेत; कारण चळवळीचा इतिहास सांगताना संप, मोर्चे व गोळीबार यांचीच वर्णने फार होतात, आणि कोणी कधी बसून दुःखाची नीट मोजदाद केली, ते मागे पडते.

त्या वेळी परिस्थिती काय होती ते आधी पाहू. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभारली गेली. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा कामाचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुट्टी. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालील पोरास कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या पोरास नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढेच त्याचे सार. मोठ्या माणसाच्या तासांविषयी एक अक्षर नाही.

बरे, ह्या प्रश्नावर बोलणारे कमी होते असेही नाही. मँचेस्टरचे गिरणीवाले म्हणत, मुंबईत तास फार म्हणून कापड स्वस्त पडते, कायदा करा. मुंबईचे मालक म्हणत, हा सारा विलायतेचा डाव आहे, आमचा धंदा बुडवायचा आहे. देशाभिमानी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी मालकांचीच री ओढली. दोन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य होतेच! पण एकाच्या लेखी प्रश्न कापडाच्या भावाचा, दुसऱ्याच्या लेखी स्वदेशी भांडवलाचा. मागावर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न कोणता, हे त्या माणसाला कोणी विचारलेच नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा एखादा भला गृहस्थ स्त्रिया व मुले यांच्यासाठी झटत होता, हा अपवाद.

लोखंड्यांनी काय केले? ‘आमच्यावर जुलूम होतो’ असे लिहून ते थांबले नाहीत. पहिले कलम: दर रविवारी पुरी सुट्टी. दुसरे: दुपारी अर्धा तास विसावा. तिसरे: काम सकाळी साडेसहास सुरू व्हावे आणि सूर्यास्तास थांबावे. चौथे: महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पाचवे: कामावर जबर दुखापत झाल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार, आणि माणूस जन्माचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची तजवीज.

ह्यातील चौथ्या कलमावर थोडे थांबू या. गिरणीकामगार कर्जबाजारी आहे, हे सगळेच सांगत. कोणी त्याचा दोष दारूला देई, कोणी लग्नकार्यातील उधळपट्टीला. लोखंड्यांच्या अर्जात कर्ज हा शब्द नाही, तारीख आहे. पगार उशिरा मिळे, म्हणून माणूस वाण्याकडे उधारीवर धान्य घेई. उधारीचा भाव चढा, त्यावर व्याज. आणि पगार हाती येतो तो वाण्याच्या गल्ल्यात जाण्यासाठीच. सारीच कर्जे पगाराच्या तारखेने फिटली असती असे नव्हे. पण जो भाग मालकाच्या हातात होता, तो असा नेमका वेगळा काढला. दारूविरुद्ध व्याख्यान देता येते, सही मात्र तारखेवरच मागता येते.

पहिल्या कलमाचीही अशीच गंमत. सुट्ट्या सणावाराच्या होत्या, रविवारी कित्येक ठिकाणी यंत्रे पुसण्याचे काम असे. रविवार हा साहेबाचा वार, त्याची सुट्टी हिंदू कामगाराला कशाला, असा आक्षेप येणारच. त्यावर रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचाही वार आहे, असे उत्तर लोखंड्यांनी दिल्याचे सांगतात.

अर्जाचे फळ तात्काळ काहीच निघाले नाही. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला ना सभासदांची नोंदवही, ना वर्गणी, ना नियमावली. आमच्यासारखा पावतीपुस्तकावर वाढलेला माणूस त्यास युनियन म्हणताना अडखळतो. पण १८९० च्या २४ एप्रिलला मुंबईत दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली, आणि १० जूनला मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात ती सुट्टी आली, दुपारचा अर्धा तास आला. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडली ती १९११ च्या कायद्याने, कापडगिरण्यांत बारा तासांची. दुखापतीची भरपाई १९२३ साली, पगाराची मुदत १९३६ साली. म्हणजे पाच कलमे कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास बावन्न वर्षे लागली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगात वारले. त्यांनी जेमतेम दोन पाहिली.

अर्जात पगारवाढ नाही, हे आमच्या तरुण सोबत्यांना खटकते. आम्हालाही ती उणीव वाटते. पण पुढे सगळा भर पगारवाढीवर आला, तेव्हाही प्रश्न सुटलाच असे नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. वरती मागणी पगाराची व बोनसची. खाली खरा सल असा की, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता आणि कामगाराला ती संघटना आपली वाटत नव्हती. कायदा रद्द करा, हीही मागणी होती. पण चाळीत आणि वर्तमानपत्रांत चर्चा चाले ती रुपयांची. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याच्या अपयशाची कारणे पुष्कळ. हे एक आम्हाला मोठे वाटते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. परळला सभा भरल्या तेव्हा येथून जवळ वरोऱ्यास सरकारी कोळसाखाण चालू होती. ती १९०६ साली बंद पडली. खाणींसाठी पहिला कायदा १९०१ चा, म्हणजे आमच्या खाणकामगाराच्या अर्जाला तोवर पत्ताच नव्हता.

पत्ता मिळाल्यावरही मजकुराची अडचण राहतेच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या दहाव्या कलमात असे होते की, सरकार जे मुद्दे लिहून न्यायाधिकरणाकडे पाठवील, तेवढ्यांचाच आणि त्यांच्या अनुषंगाने येणाऱ्या गोष्टींचाच निवाडा व्हायचा. मुद्दा ढिला लिहिला गेला, तर वर्षानुवर्षे तारखा पडून शेवटी निकाल भलत्याच गोष्टीचा हाती येई.

माजरीत युनियनच्या कचेरीत ठेक्यावरचा गडी येतो आणि म्हणतो, “भाऊ, ठेकेदार पैसे खातो.” आम्ही विचारतो, किती हाजऱ्या भरल्या? हाजरी कुणाच्या वहीत लागते? बँकेत किती जमा झाले आणि त्यातून परत किती मागितले? काम कोणत्या वर्गाचे लिहिले आहे, आणि तू करतोस कोणते? तो चिडतो, त्याला वाटते, आम्ही त्याच्यावरच खटला चालवितो आहोत. पण तासाभराने एका कागदावर चार ओळी उतरतात, आणि बहुधा असे दिसते की जे गेले ते दरात गेलेले नाही, न लागलेल्या हाजऱ्यांत गेले आहे. मग साक्षीदार वेगळे लागतात, अर्ज वेगळ्या टेबलावर जातो.

आणि रविवार? कोळसाखाणीत रविवारच्या कामाला जादा दाम असतो, त्यामुळे आमच्याकडे तंटा असतो तो रविवारी सुट्टी मिळावी म्हणून नव्हे, रविवारची ड्यूटी आपल्याला मिळावी म्हणून. तंटा घेऊन येणाऱ्यांना आम्ही लोखंड्यांच्या पहिल्या कलमाची हकीकत सांगतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “ते खरंच आहे भाऊ, पण येत्या रविवारच्या यादीत आमचं नाव आहे का?”