‘पिशवी काढून टाका की!’

गेल्या मे महिन्यात सुट्टीला कोडोलीला गेले होते. रात्री दोन वाजता आई पंख्याखाली फरशीवर बसलेली. ‘अंगातनं जाळ निघतोय बघ,’ म्हणाली. वय 49, पाळी तीन-चार महिन्यांतून एकदा. सकाळी शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला, ‘वहिनी, पिशवी काढून टाका की. सुटाल एकदाच्या.’

मी सॉफ्टवेअरवाली. बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय काही डिलीट करायचं नाही, एवढं मला ठाऊक. म्हणून वाचायला बसले.

पाळी साधारण पन्नाशीला थांबते, हे सुश्रुतसंहितेतही आहे. ‘मेनोपॉज’ हा शब्द मात्र गार्दान या फ्रेंच डॉक्टरनं 1821मध्ये रूढ केला. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन कमी झालं, की मेंदूतला शरीराचं तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. जरा उष्णता वाढली तरी घाम फुटतो. म्हणजे आईच्या अंगातल्या जाळाचा पिशवीशी, गर्भाशयाशी, थेट संबंधच नाही! उलट पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर मेनोपॉज एका दिवसात येतो. ती ठेवली तरी तो काही वर्षं अलीकडे येऊ शकतो.

अमेरिकेत 1942मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनवलेली ‘प्रेमारिन’ ही इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. 1966मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरनं ‘फेमिनिन फॉरएव्हर’ पुस्तकात मेनोपॉजला चक्क आजार ठरवलं आणि गोळीचा खप वाढला. 1975मध्ये कळलं, की नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. मग गर्भाशय असलेल्या बायकांना जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देऊ लागले. 2002मध्ये 16,608 बायकांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या 30 केसेस व्हायच्या, त्या गोळी घेणाऱ्यांत 38 झाल्या. जगभर घबराट पसरली. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे मात्र बातमीत मागे पडलं.

तिकडे गोळीवरून वाद चालू होता, तेव्हा आपल्याकडे सुरी चालत होती.

कोडोलीला लागूनच वारणानगरचा साखर कारखाना. गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या पडतात, हे मी लहानपणापासून बघत आले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकाचा खाडा झाला तरी उचलीतून पैसे कापले जातात. अशा कामात पाळी, अंगावरून जाणं, कंबरदुखी परवडत नाही. 2019मध्ये बीडच्या बातम्या गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं मांडलेल्या आकड्यांनुसार, तपासलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. अनेकजणी चाळिशीच्या आतल्या. 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याचे नियम लागू करायला सांगितले.

हे आकडे वाचून दाखवले तेव्हा काकू गप्प झाल्या. त्यांची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली होती. सोबत अंडाशयंही काढली का, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून झोप नाही आणि हाडं दुखतात, हे त्या पहिल्यांदाच बोलल्या.

आईला कोल्हापूरला दाखवलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, बीपी बघितला, घरात कुणाला कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का विचारलं. पिशवी काढायचं काही कारण नव्हतं. साठीच्या आत, पाळी थांबून दहा वर्षं झालेली नसताना, आणि असा धोका नसेल तर हार्मोनचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, पण ते प्रत्येकीसाठी नाही, असं त्यांनी समजावलं. चालणं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सांगितलं. आणि पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच यायला बजावलं.

आईनं दोन दिवस विचार करून औषध सुरू केलं. पुढच्या तपासणीला ती एकटी गेली नाही. शेजारच्या काकू त्यांची जुनी फाईल घेऊन सोबत होत्या.