काळी, पांढरी आणि काटोलची हद्द

नागपुरातून काटोलकडे निघालेल्या रस्त्यावर ‘जुना काटोल नाका’ नावाचा एक चौक लागतो. ज्या जकातीसाठी तेथे नाका बसला होता ती जकात १ एप्रिल २०१३ रोजी नागपुरातून उठली, आणि तिच्या गादीवर आलेला स्थानिक संस्था करही पुढे अडीच वर्षे पुरती भरण्याच्या आत बहुतेक व्यापाऱ्यांपुरता निवर्तला. तथापि ऑटोवाल्यास ‘जुना काटोल नाका’ एवढे म्हटले की आजही दुसरी खूण सांगावी लागत नाही. त्या नावातले ‘जुना’ हे विशेषण मला विशेष अर्थपूर्ण वाटते, कारण शहराची हद्द पुढे सरकल्यावाचून कोणताही नाका जुना होत नसतो. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, साठेक किलोमीटरांवर, जाम नदीच्या काठी जे काटोल गाव वसले आहे, त्याच्याही हद्दीचा आणि त्या हद्दीच्या आत प्रमुख कोणी नेमावा या प्रश्नाचा इतिहास असाच सरकत आलेला आहे.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाच्या भूमीचे दोन भाग मानीत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. घरे पडून, भिंती विरघळून, राख-शेण मिसळून पिढ्यान्‌पिढ्या वस्तीखालची माती पांढुरकी होत जाते, म्हणून ती पांढरी. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात या शब्दाला महसुली अर्थही प्राप्त झालेला होता. काळीवर शेतसारा असे. आणि जे शेती करीत नसत, म्हणजे कोष्टी, तेली, सोनार, वाणी, उदमी, त्यांच्याकडून जो कर घेतला जाई त्यास ‘पंढरी’ असेच म्हणत. सन १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, सन १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, तरी हा कर इंग्रजांनीही मोठ्या आत्मीयतेने चालू ठेवला, आणि तो बंद होण्यास सन १९०२ उजाडावे लागले. पेठ बुधवार हे आजच्या काटोलातल्या एका वस्तीचे नाव बाजाराच्या दिवसाची आठवण जपून आहे. पंढरी भरणारे लोक अशाच पेठांतून राहत असत.

इंग्रजी अंमलात मात्र या पांढरीला एक नवा धनी मिळाला. सन १८६० नंतरच्या बंदोबस्तात मध्यप्रांत सरकारने गावच्या पाटलांना मालगुजार करून गावाचे स्वामित्वच त्यांच्या पदरात घातले, आणि त्यामुळे आबादीची जागासुद्धा कायद्याने मालगुजाराची ठरली. ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात गावाचे रीतिरिवाज लिहून ठेवलेले असत, आणि कास्तकारास घरापुरती जागा विनामूल्य मिळण्याचा हक्क त्यात नमूद असे. उपऱ्या व्यापाऱ्यास मात्र मालगुजाराची मर्जी आणि त्याचा नजराणा या दोहोंचा विचार करूनच भिंत उभारावी लागे. कपाशीच्या व्यापाराने गाव वाढू लागले आणि सरकी काढण्याचे कारखाने आले, तेव्हा हद्दीचा प्रश्न प्रथमतः असा जागेच्या भाड्याच्या रूपाने उभा राहिला असला पाहिजे, असे मला वाटते.

लॉर्ड रिपन याने सन १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि मध्यप्रांताने पुढच्याच वर्षी आपला कायदा मंजूर केला. या कायद्यातली एक तरतूद फार मनोरंजक आहे. गावांचे गट पाडून प्रत्येक गटातल्या मुकद्दमांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, आपल्यातून एक प्रतिनिधी तहसिलीच्या लोकल बोर्डावर पाठवावा, व्यापाऱ्यांनी आपले निराळे प्रतिनिधी द्यावेत, आणि लोकल बोर्डातून मग जिल्हा कौन्सिलात माणसे जावीत, अशी ती पायऱ्यापायऱ्यांची रचना होती. ज्याला आज आपण मतदार म्हणतो तो पहिल्या पायरीवरही कोठे दिसत नाही. मुकद्दम तेवढा दिसतो. परंतु निवड म्हणजे चाळणी, आणि ती चाळणी वरच्या सभेच्या आधी कोठेतरी खाली लावायची असते, ही कल्पना त्या कायद्याने या भागास प्रथम शिकविली. विसाव्या शतकाच्या आरंभी काटोल हे तहसिलीचे मुख्य ठिकाण असूनही तेथे नगरपालिका नव्हती. उमरेड, रामटेक, सावनेर, कळमेश्वर, खापा, फार काय मोवाडसारखे लहान गावही म्युनिसिपालिटीच्या पंक्तीत बसलेले असताना काटोलच्या वाट्यास झाडलोट-सफाईपुरता ‘टाऊन फंड’ आला होता. कर द्यायचा, आणि त्याच्या विनियोगात शब्द नाही, ही ती अवस्था.

प्रांतांच्या हद्दी यानंतर ज्या वेगाने बदलल्या त्या वेगाने गावाची हद्दसुद्धा बदलत नाही. सन १९५१ मध्ये मालगुजारी संपली; १ नोव्हेंबर १९५६ रोजी काटोल मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले; १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गाव होते तेथेच, आणि राज्य मात्र त्याच्या डोक्यावरून जात होते. या धावपळीत विदर्भातल्या नगरपालिका सन १९२२ च्या मध्यप्रांती कायद्यावर, पश्चिम महाराष्ट्रातल्या मुंबईच्या कायद्यांवर आणि मराठवाड्यातल्या हैदराबादच्या कायद्यावर चालत राहिल्या. हा त्रिस्थळी संसार सन १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने एकत्र आणला, आणि त्याची अंमलबजावणी सन १९६७ मध्ये सुरू झाली.

या अधिनियमाच्या आजच्या स्वरूपात एक कलम असे आहे की, एखादे क्षेत्र नगरपरिषदेचे म्हणून जाहीर करावयाचे तर तेथील रोजगारापैकी किमान ३५ टक्के रोजगार शेतीखेरीज इतर व्यवसायांतला असावा. मसुदा लिहिणाऱ्याने भोसल्यांचे जमाखर्च चाळले असतील असे नाही. परंतु जो शेती करीत नाही तो पांढरीचा, हे जुने परिमाण त्याच्या लेखणीतून टक्केवारीच्या वेषाने पुन्हा अवतरले. आणि काटोलात हे परिमाण लावणे सोपे नाही, कारण येथे संत्र्याची बाग गावाला अगदी खेटून असते. बागवानाचे घर पेठेत, त्याची मोटार बाजारात, त्याचे मन मात्र मृग बहार धरावा की आंबिया, या चिंतेत. त्यास काळीत मोजावे की पांढरीत?

हद्दवाढ झाली म्हणजे धुऱ्याच्या अलीकडची बाग नगरपरिषदेत आणि पलीकडची ग्रामपंचायतीत असा प्रकार होतो. अलीकडच्यास मालमत्ता कर येतो, नळाची आशा येते आणि जमिनीचा भाव चढतो. पलीकडच्यास रोजगार हमीची कामे आणि पंचायतीच्या योजना राहतात. आत घेतलेल्या गावाच्या सरपंचाची खुर्ची तर एका अधिसूचनेसरशी नाहीशी होते. सन २०११ च्या जनगणनेत काटोलची वस्ती चाळीस हजारांपुढे गेलेली दिसते, आणि त्या वाढीबरोबर वेशीबाहेरच्या बागांतून चुन्याच्या रेघा मारलेले ‘ले-आऊट’ हे आता काही नवलाचे दृश्य राहिलेले नाही.

काटोल म्हणजेच पुराणातले कुंतलापूर, अशी स्थानिक श्रद्धा आहे. त्या नगरीच्या चंद्रहासाची कथा सर्वश्रुत आहे: धृष्टबुद्धी प्रधानाने त्यास ‘विष’ द्यावे म्हणून पत्र दिले, आणि प्रधानकन्या विषयेने काजळाने एक अक्षर वाढवून ‘विषया’ केले, तेव्हा मरणाऐवजी विवाह घडला. हद्दीच्या अधिसूचनेत सर्व्हे नंबरांची जी लांबलचक यादी असते ती वाचताना मला नेहमी ही कथा आठवते. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कोणाचे शेत शहर होते आणि कोणाचे शहर शेत राहते. काजळाची डबी मात्र आता मंत्रालयात असते.

आत कोण, हे ठरल्यावर त्यांचा प्रमुख कोणी निवडावा हा प्रश्न येतो, आणि त्याबाबतीत आपल्या राज्याने घड्याळाच्या लंबकालाही लाजविले आहे. सन १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. पुढे तो अधिकार नगरसेवकांकडे परतला. २००१ मध्ये पुन्हा जनतेकडे, २००६ मध्ये पुन्हा नगरसेवकांकडे. २०१६ मध्ये जनतेकडे, आणि त्यानुसार नागपूर जिल्ह्यातल्या नगरपरिषदांचे मतदान ८ जानेवारी २०१७ रोजी झाले. २०२० मध्ये परत नगरसेवकांकडे आणि २०२२ मध्ये परत जनतेकडे. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचेच दिले गेले. ज्या पक्षाचे बळ एका चेहऱ्यात असते त्यास थेट निवडणूक रुचते, आणि ज्याचे बळ वॉर्डावॉर्डांत विखुरलेले असते त्यास सभागृहातली. यापलीकडे या कारणमीमांसेत मला फारसे तत्त्व आढळलेले नाही. मध्यंतरी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुकाच अडकल्या आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले. डिसेंबर २०२५ मध्ये मतपेट्यांना पुन्हा हात लागेपर्यंत लंबक स्थिरच होता.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवारसुद्धा पक्षाच्या सामान्य मतदारांनी आधी मत देऊन ठरवावा अशी रीत आहे. विस्कॉन्सिन राज्याने सन १९०३ मध्ये तसा कायदा केला आणि पुढे ती देशभर पसरली. आपल्याकडे ही पहिली फेरी मतपेटीवाचून पार पडते. नगराध्यक्षपद कोणत्या प्रवर्गास हे मुंबईत सोडतीच्या चिठ्ठीने ठरते, प्रभागाची रेघ कोणत्या गल्लीतून जाणार हे नकाशावर ठरते, आणि उरलेले ‘तिकीट’ बंद खोलीत ठरते. मतदार रांगेत उभा राहतो तो या तिन्ही चाळण्यांनंतर. मुकद्दमांची ती जुनी पायरी गेली असे म्हणावे तर तिच्या जागी दुसऱ्या तीन बांधल्या गेल्या आहेत, इतकेच.

हद्दवाढीची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतींसाठी मुदत असते, आणि त्या मुदतीत कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलाशी गर्दी होते. ‘सदर जमीन ओलिताची व बागायती असून अर्जदाराचे कुटुंब केवळ शेतीवर अवलंबून आहे, सबब ती नगरपरिषदेच्या हद्दीत समाविष्ट करू नये,’ असा मजकूर लिहिला जातो, खाली अंगठा किंवा सही होते, पावती घडी करून खिशात जाते. आणि मग तोच गृहस्थ जरा आवाज उतरवून विचारतो की, त्याच जमिनीच्या अकृषक परवान्यासाठी दुसरा अर्ज आजच करता येईल काय.