ई-पीक पाहणी

शेतात कोणते पीक उभे आहे, याची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून सातबाऱ्यावर करण्याची महाराष्ट्र शासनाची पद्धत. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेल्या ॲपद्वारे ती 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली.

सातबाऱ्यातला गाव नमुना सात जमिनीवरचा हक्क सांगतो, बारा त्यातली पिके. बाराची पाहणी पूर्वी तलाठी करीत. एका सजात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, अनेक गावे आणि हाताखाली एखादा कोतवाल, त्यामुळे पाहणी पुष्कळदा चावडीत बसूनच उरके आणि मागच्या हंगामाचा पेरा पुढे चढे. नुकसानभरपाईला हीच नोंद लागत असल्याने त्याची झळ शेतकऱ्याला बसे.

ॲपमध्ये खातेदार गट क्रमांक निवडून पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख, सिंचनाचे साधन व पद्धत भरतो आणि शेतातूनच पिकाचा फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. चालू पड (त्या हंगामात न पेरलेली जमीन) आणि बांधावरची झाडे वेगळी नोंदवता येतात. 2022च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याची स्वयंघोषणा ग्राह्य धरली गेली; तलाठ्याकडे नमुना म्हणून 10 टक्के नोंदींची पडताळणी उरली. नोंदवणारा बदलला, हा या पद्धतीतला खरा महसुली फेरबदल. हमीभावाने खरेदीच्या नोंदणीलाही पुढे हीच नोंद लागू लागली.

शाश्वत विकासाच्या अंगाने सिंचनाचे रकाने सर्वांत मोलाचे आहेत. गावात ऊस किती, त्यातला ठिबकवर किती, विहिरीवर किती आणि कूपनलिकेवर किती, हे गटवार कळले तर भूजलाचे नियोजन अंदाजपंचे करावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवते. ई-पीक पाहणीची आकडेवारी अशीच प्रत्येक ग्रामसभेपुढे हंगामाच्या तोंडावर यायला हवी. अनुदान आणि खरेदीपुरती ती वापरणे म्हणजे निम्मे काम.

डोंगराळ भागात रेंज नसणे, साधा फोन असणे, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर ताण येणे या अडचणी पहिल्या हंगामापासूनच्या. राहिलेल्या नोंदींसाठी पुढे गावोगावी सहाय्यक नेमण्यात आले. खातेदाराच्या नावानेच नोंद सुरू होत असल्याने बटईने कसणारा, तसेच सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री, यांची मेहनत मात्र या नोंदीत अजून दिसत नाही.