उत्तर यायला वेळ लागतो

आकाशात एवढे तारे आहेत, मग तिकडून कुणी हाक का देत नाही? १९५० साली अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये दुपारच्या जेवणाच्या गप्पांत एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञानं असाच प्रश्न विचारला होता. पहिला अणुबॉम्ब जिथं तयार झाला, तेच हे गाव.

मी बी.ए. झालेला कवितेचा माणूस. गणित मला झेपत नाही. पण या शोधाचा इतिहास वाचताना वाटतं, ‘कुणीच बोलत नाही’ असं म्हणणाऱ्या आपण ऐकलंय तरी किती?

१९६० साली फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीतून दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला. काही महिन्यांत तो प्रयोग संपला. १९९२ साली ‘नासा’नं मोठी मोहीम सुरू केली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेनं तिचे पैसे बंद केले. २०१८ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. शोधायची जागा म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र धरले, तर आजवर आपण त्यातलं छोट्या हौदाएवढंच पाणी तपासलंय. हौदात मासा दिसला नाही म्हणून समुद्र रिकामा ठरतो का?

बरं, आपण बोललो तरी किती? १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश धाडला गेला. अवघ्या तीन मिनिटांचाही नाही. तो पोचायला सुमारे २५ हजार वर्षं लागणार आणि उत्तर यायला तेवढीच. इकडे डिसेंबर २०२० मध्ये ती दुर्बीणच कोसळली. पत्र टाकून ४६ वर्षं होतात न होतात तोच पाठवणाऱ्याचं घर पडलं!

१९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली. तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत. माझ्या घरात बोलली जाते ती उर्दू आणि मी जिच्यात लिहितो ती मराठी, दोन्ही त्यात आहेत. याचा मला फार आनंद वाटतो. पण ही यानं दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जवळपास जायलाही हजारो वर्षं लागतील.

१९६१ साली ड्रेक यांनी एक सूत्र मांडलं. बोलू शकणाऱ्या संस्कृती आकाशगंगेत किती असतील, याचा अंदाज घेण्यासाठी. त्यातला शेवटचा घटक असा: अशी संस्कृती किती काळ टिकते? मला सगळं उत्तर इथंच दडलेलं दिसतं. दोन घरांतले दिवे एकाच वेळी पेटलेले असतील, तरच खिडकीतून ओळख होणार. एक पेटेपर्यंत दुसरा विझला, तर दोघांनाही वाटणार, शेजारी कुणी राहतच नाही.

आपल्या रेडिओचं वय सव्वाशे वर्षांच्या आसपास. अणुबॉम्बचं त्याहूनही कमी. पलीकडे कुणी आहे की नाही, हे आपल्या हाती नाही. उत्तर येईल त्या दिवशी ते ऐकायला इथं कुणी असावं, एवढं मात्र आपल्याच हाती आहे.