फळ्यावरची आकृती

दूरचित्रवाणीचा जनक कोण, असे विचारले की बहुतेक जण जॉन लॉगी बेअर्डचे नाव घेतात. ते चूक नाही. 26 जानेवारी 1926 रोजी त्याने लंडनमध्ये हलत्या चेहऱ्याचे चित्र जाणकारांना दाखवले होते. पण त्याचे यंत्र भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीवर चालत असे. पुढे घराघरांत आलेल्या संचामागची इलेक्ट्रॉनिक कल्पना मात्र अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलालाही सुचली होती.

फायलो फार्न्सवर्थचा जन्म 1906 साली युटा राज्यात झाला. नंतर हे कुटुंब आयडाहोतील रिग्बी गावी शेती करू लागले. चौदा वर्षांचा फायलो शेत नांगरत असताना मागे उमटलेले समांतर तास पाहून त्याला सुचले, की चित्रही असेच ओळीओळीने वाचता येईल, असे सांगतात. तबकडी कितीही जोरात फिरवली तरी पुरी पडणार नाही, हे काम इलेक्ट्रॉनांवरच सोपवायला हवे, हे त्याने ओळखले. 1922 साली त्याने ही कल्पना रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टॉलमन यांना फळ्यावर आकृत्या काढून समजावली.

7 सप्टेंबर 1927 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीन स्ट्रीटवरील प्रयोगशाळेत त्याच्या ‘इमेज डिसेक्टर’ नळीने पहिले चित्र पाठवले. चित्र कसले, नुसती एक रेघ! मेहुणा काचपट्टी फिरवी, तशी दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावरची रेघ फिरे. प्रकाश पडला की नळीतल्या पट्टीवरून इलेक्ट्रॉन सुटत आणि चुंबकाच्या जोरावर ते एका बारीक छिद्रासमोरून ओळीने सरकवले जात. फिरणारे चाक कुठेही नव्हते. उणीव एकच, नळीला फार प्रखर उजेड लागे.

व्लादिमिर झ्वोरिकिनने 1923 सालीच पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे तो आरसीए या बलाढ्य कंपनीत गेला आणि हक्काचा वाद पेटला. तेव्हा टॉलमन सरांनी साक्ष देऊन विद्यार्थ्याची ती आकृती सांगितली. 1935च्या सुमारास निकाल फार्न्सवर्थच्या बाजूने लागला. अर्थात कायद्याने तोंडी साक्षीपेक्षा दोघांच्या अर्जांत प्रत्यक्ष काय लिहिले होते, यालाच वजन दिले. 1939 साली आरसीएने दहा लाख डॉलर आणि वर परवाना शुल्क देण्याचे मान्य केले.

पण लगेच महायुद्ध आले, संचांचे उत्पादन थांबले आणि 1947च्या सुमारास मुख्य पेटंटांची मुदतही संपली. 1957 साली फार्न्सवर्थ ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या टीव्ही कार्यक्रमात पाहुणा म्हणून आला. त्याचे गुपित ओळखायचे होते. समोरच्या मंडळींना ते ओळखता आले नाही. ज्या पडद्यावर लोक हा खेळ पाहत होते, त्या पडद्यामागची कल्पना समोर बसलेल्या माणसाची होती. 1971 साली तो गेला.

मला या गोष्टीत टॉलमन सर अधिक भावतात. न्यायनिवाडा त्यांच्या शब्दावर झाला नाही, हे खरे. पण एका पोराने फळ्यावर काढलेले न समजणारे काहीतरी त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि इतकी वर्षे ध्यानात ठेवले. असे किती शिक्षक आपल्याला आठवतात?