एकाच पदराची दोन मापे

आपल्या रंगभूमीचा मराठी माणसास अभिमान आहे, आणि तो सार्थ आहे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही मंडळी कितीही दूर येऊन पडलो, तरी चार मराठी घरे एकत्र जमली की बालगंधर्वांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. त्यांची भामिनी, त्यांची सिंधू, त्यांच्या शालूच्या निऱ्या, ह्या साऱ्यांच्या ऐकीव आठवणीही आम्ही भक्तिभावाने सांगतो. पण त्याच बैठकीत एखाद्या घरच्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल आवाज खाली घेऊन म्हटले जाते, ‘मुलगा जरा बायकी आहे, नाही?’ हे कौतुक आणि ही कुजबुज एकाच तोंडातून कशी निघते, ह्याचा उलगडा करू पाहणाऱ्यास आपला इतिहास बरेच काही सांगू शकतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले. ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आले ते १९३३ साली, आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. मधल्या नव्वद वर्षांत मराठी नाटकातील नायिका बहुधा पुरुषच असे. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे निषिद्ध मानले जाई. म्हणून नाटकमंडळ्यांना देखण्या, गोड गळ्याच्या मुलांची गरज भासे. देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकाचा विषय जरठ-बालाविवाहाचा. मुलीचे हे दुःख समाजापुढे मांडावयास मुलगी चालत नव्हती, मुलगा मात्र चालत होता! केशवराव भोसले लहान वयातच ह्या शारदेच्या भूमिकेने नावारूपास आले. पुढे १९०८ साली त्यांनी हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांच्या नेसण्याचे आणि केशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. सरकारने १९६४ साली त्यांना पद्मभूषण दिले.

चित्रपटातही तेच घडले. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी ती भूमिका केली. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम तेच आणि सीताही तेच. पुढे १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला ह्यांनी १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात स्त्री म्हणूनच कामे केली, तेव्हा समाजाने त्यांच्याकडे नाके मुरडली. पुरुषाने स्त्री व्हावे, मुलीने कृष्ण व्हावे, पण स्त्रीने चारचौघांत स्त्री म्हणून उभे राहू नये, असा तो न्याय होता.

हा न्याय केवळ महाराष्ट्राचाच होता असे नाही. आम्ही ज्या बंगळूर शहरात राहतो, तेथे दर वर्षी चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मरायस्वामींच्या देवळातून करग निघतो. तिगळ समाजाचा पुजारी त्या रात्री द्रौपदीचा वेष धारण करतो, फुलांनी मढलेला करग मस्तकी घेतो आणि नग्न तलवारी घेतलेल्या वीरकुमारांच्या गराड्यात पेठांतून फिरतो. ही मिरवणूक हजरत तवक्कल मस्तान ह्यांच्या दर्ग्यावरही जाते. दुतर्फा उभे असलेले हजारो लोक त्याला हात जोडतात. पुरुषाच्या अंगावरील स्त्रीवेषाने कोणाचा धर्म बुडत नाही, शहराची अब्रू जात नाही.

अब्रूचा प्रश्न निघतो तो देवळाच्या आणि नाटकगृहाच्या बाहेर. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे, नाचणे, गाणे हा गुन्हा ठरला. सोळा वर्षांखालील मुलगा त्याच्या घरात आढळला तर तोही गुन्हा ठरला. ज्या काळात मराठी नाटकमंडळ्यांत पोरवयाची मुले लुगडी नेसून टाळ्या घेत होती, त्याच काळात देशाच्या दुसऱ्या भागांत केवळ स्त्रीवेषासाठी कोणी तुरुंगात जाऊ शकत होते. वेष एकच, पण एक दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी नेसलेला, दुसरा स्वतःच्या मनाच्या ओढीने नेसलेला. पहिल्यास बक्षीस, दुसऱ्यास बेडी.

आता मुलींकडे वळू. बिठूरच्या वाड्यात वाढलेली मनकर्णिका घोड्यावर बसे, तलवार फिरवी, ही कथा आम्ही आमच्या मुलींना अभिमानाने सांगतो. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलगी फेटा बांधून आली की शाबासकी मिळते, घरात ती ‘आमचा मुलगाच’ म्हणून मिरवली जाते. वरवर पाहता मुलीला अधिक मोकळीक आहे असे वाटेल. परंतु ही मोकळीक मुदतीची असते. चौदावे-पंधरावे वर्ष लागले की तेच पालक तिच्या चालण्याबोलण्यास वळण लावू लागतात. आणि तोपर्यंतचे कौतुकही तिचे नसते, पुरुषपणाचे असते. आम्हा कचेरीत काम करणाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर मुलगी मुलासारखी वागली तर तिला बढती मिळाली असे समाज समजतो. मुलगा मुलीसारखा वागला तर तो खालच्या श्रेणीत गेला असे समजतो. ‘बायल्या’ ही शिवी मुलास दिलेली असली, तरी तिने अपमान होतो तो घरातील आईचा आणि बहिणीचा.

ह्यावर कोणी म्हणेल की नाटक ती कला होय. भूमिका संपली की नट पुरुषच असतो. घरच्या मुलाची गोष्ट वेगळी. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १९११ साली झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरीही भामिनी होऊन ते उभे राहिले. शालूच्या आत एक दुःखी बाप होता. पण ह्यावरून सिद्ध होते ते इतकेच, की वेषावरून आणि हावभावावरून माणसाच्या अंतरंगाचा निकाल लावता येत नाही. मग दहा वर्षांच्या पोराने बहिणीच्या बांगड्या घातल्या, किंवा क्रिकेट टाकून रांगोळी काढली, म्हणून त्याच्या साऱ्या आयुष्याचा निकाल आम्ही कोणत्या आधारावर लावतो? त्यांपैकी काही मुले पुढे इतरांसारखीच संसारी होतील. काही स्वतःस मुलगी म्हणूनच ओळखतील. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची ही ओळख सांगण्याचा अधिकार मान्य केलेला आहे. दोन्ही प्रकारच्या मुलांना लहानपणी एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे घरात भीती नसणे.

बदलीच्या नोकरीत ह्या गोष्टीला विशेष महत्त्व येते. आमच्या मुलांना दर तीन-चार वर्षांनी नवी शाळा, नवी भाषा, नवे सवंगडी. आजी नाही, मामाचे घर जवळ नाही. जे मूल चारचौघांहून थोडे निराळे आहे, त्याला प्रत्येक नव्या वर्गात नव्याने हसे सोसावे लागते, आणि संध्याकाळी परतावयास एकच जागा असते. त्या जागीही ‘मुलासारखा वाग’ हाच हुकूम मिळाला, तर त्याने कोठे जावे?

पूर्वजांनी मुलांना पदर घ्यावयास लावले ते त्यांना विचारून नव्हे, आणि त्यावर आम्ही अजून अभिमानाने बोलतो. आज एखाद्या मुलाने आपण होऊन तो पदर खांद्यावर घेतला, तर निदान रागावू नये, हसू नये आणि पाहुण्यांपुढे त्याचा विषय काढू नये. त्याचप्रमाणे आज फेटा बांधून मिरवणाऱ्या मुलीला पंधराव्या वर्षी तो उतरविण्याची सक्ती करू नये. बालगंधर्वांच्या कौतुकात आम्ही खरोखर प्रामाणिक असू, तर एवढे करणे आम्हांस जड जाऊ नये.